कवडशातली धूळ नेमकी कशाची असते?

कौलारू घराच्या छपरात एखादे काचेचे कौल बसवलेले असते. सकाळी ऊन चढले की त्यातून प्रकाशाची तिरपी पट्टी खाली उतरते आणि इतका वेळ स्वच्छ वाटणाऱ्या हवेत असंख्य ठिपके तरंगताना दिसू लागतात. जुन्या संस्कृत मापनात या ठिपक्याला त्रसरेणू म्हणत. डोळ्याला दिसणारे ते सर्वांत लहान माप. पट्टीच्या डाव्या-उजव्या बाजूलाही कण तेवढेच असतात. त्यांच्यावर ऊन पडत नाही आणि मागे काळोख नसतो, म्हणून ते दिसत नाहीत.

हे ठिपके म्हणजे बहुतांशी माणसाची गळलेली कातडी, असे एक वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. कुणी सत्तर टक्के सांगतो, कुणी ऐंशी. हिशोब मांडला तर ते टिकत नाही. एका माणसाच्या अंगावरून तासाला साधारण ०.०३ ते ०.०९ ग्रॅम मृत त्वचा गळते, म्हणजे दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम. त्यातली बरीचशी न्हाणीत वाहून जाते, काही कपड्यांबरोबर धुतली जाते, काही शेतात, बाजारात, एसटीच्या बाकावर पडते. घरात उरते ती मुख्यतः अंथरुणात. याउलट मे महिन्यात कच्च्या वाटेवरून आलेली चपलांची एक जोडी ओट्यावर आपटून पाहा. जी तांबडी रास पडेल, ती एकट्या माणसाच्या दिवसभराच्या त्वचेपेक्षा सहज जास्त भरेल.

धूळ म्हणजे मिसळण. ती घरागणिक वेगळी, खोलीगणिक वेगळी आणि कोकणात तर ऋतूगणिक वेगळी. कुठला घटक कुठून येतो हे ओळखता आले की झाडण्याची अर्धी मेहनत वाचते. माती उंबऱ्यावर अडवावी लागते, मीठ पाण्यात विरघळवून काढावे लागते, गादीतल्या जिवाला ऊन दाखवावे लागते. या तिन्हींवर एकच कोरडी केरसुणी फिरवली तर तिन्ही जागा बदलतात, घराबाहेर जात नाहीत.

आधी आकार, मग बाकीचे

धुळीचा स्वभाव तिच्या आकारावर ठरतो. मोजमाप मायक्रॉनमध्ये करतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. वाळूचा बारीक कण १०० मायक्रॉनचा धरला तर तो दोन मीटर उंचीवरून चारेक सेकंदांत खाली येतो. दहा मायक्रॉनच्या हलक्या कणाला स्थिर हवेत दहा-बारा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला सोळा तासांच्या आसपास वेळ लागतो, तोही पंखा बंद आणि घरात कुणी हालचाल करत नसेल तर. म्हणजे प्रत्यक्षात तो खाली बसतच नाही.

यातून रोजच्या दोन गोष्टींचा उलगडा होतो. केर काढून झाल्यावर लगेच टेबल पुसले तर तासाभरात त्यावर पुन्हा थर का दिसतो, ही पहिली. केरसुणीने उडवलेला बारीक भाग तेव्हा हवेतच असतो. म्हणून झाडल्यावर किमान पंधरा-वीस मिनिटे थांबून मग पुसावे. दुसरी गोष्ट तब्येतीची. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. शिंक येते, शेंबडातून ते बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनच्या खालचे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. डोळ्यांत खुपणारी धूळ त्रासदायक असते, पण जास्त सांभाळायचे ते न दिसणाऱ्या धुळीला.

तांबडी माती

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरातल्या धुळीचा रंगच तिचे मूळ सांगतो. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांनी लाखो वर्षे मूळ खडक धुतला गेला, त्यातली सिलिका आणि क्षार वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. तोच जांभा. त्यातल्या लोहखनिजांपैकी हेमाटाइटमुळे तो लाल दिसतो, गोएथाइटमुळे पिवळट तपकिरी. जांभ्याच्या धुळीत जाड खडा असतो आणि दोन मायक्रॉनखालची चिकणमातीही असते. खडा केरसुणीला लागतो. चिकणमाती लादीवर पातळ थर होऊन राहते. ओले फडके फिरवले की तिचे लालसर ओघळ उठतात.

ही माती तीन वाटांनी येते: पायांनी, वाऱ्याने आणि भिंतीतून. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाच्या, भिंतीकडे आपले फार लक्ष जात नाही. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो आणि हवा लागून हळूहळू कठीण होतो. पण त्याची भोके आणि मातीने भरलेले सांधे वर्षानुवर्षे भुरभुरत राहतात. भिंतीलगत बोटभर रुंदीची तांबडी रेघ रोज पडत असेल तर दाराशी कितीही पायपुसणी टाका, उपयोग नाही. सांधे खरवडून चुन्याने किंवा सिमेंटने भरून घ्यावे लागतात.

पायांनी येणाऱ्या मातीवर मात्र स्वस्तातला इलाज आहे. बाहेर काथ्याचे खरखरीत पायपुसणे आणि आत सुती, असे दोन टप्पे ठेवावेत. लांबी इतकी हवी की चालताना प्रत्येक पाय त्यावर दोनदा पडेल. दीड मीटर पुरते. दारातला हातभर तुकडा लोक ओलांडूनच जातात. काथ्याच्या पायपुसण्याच्या फटींत माती साठते, म्हणून आठवड्यातून दोनदा ते उलटे करून वाऱ्याच्या दिशेने, घरापासून लांब आपटावे. भरलेले पायपुसणे माती घेत नाही, उलट पायाला लावून आत पाठवते. पावसाळ्यात काथ्या भिजून बुरशी धरतो. ते चार महिने तो गुंडाळून ठेवावा आणि भोकांचे रबरी पायपुसणे वापरावे. अंगणातल्या दोणीवर पाय धुऊन मगच पडवीत चढायची जुन्या घरांची पद्धत होती. तिच्यामागे शुचितेची कल्पना असेल, पण धुळीच्या दृष्टीने त्याहून परिणामकारक उपाय आजही सांगता येत नाही. पाय पुसून कोरडे केले पाहिजेत, एवढे जोडावे. ओल्या तळव्याला ओटीवरची धूळ चिकटते आणि माजघरात सुकून गळते.

सारवलेल्या जमिनीबद्दल लोकांचा गैरसमज असतो की ती धूळ वाढवते. ताज्या सारवणात शेणातले गवताचे तंतू मातीला बांधून ठेवतात आणि पृष्ठभाग भुरभुरत नाही. आठ-दहा दिवसांत पायांखाली तो पोपडा फुटतो आणि मग धूळ सुरू होते. वेळेवर सारवलेली जमीन झिजलेल्या, खडबडीत कोब्यापेक्षा कमी धूळ देते.

मीठ

किनाऱ्याच्या धुळीला देशावरच्या धुळीपासून वेगळे करते ते मीठ. लाट फुटते तेव्हा पाण्यात लाखो बुडबुडे तयार होतात. ते फुटताना बारीक तुषार हवेत उडतात. तुषारातले पाणी हवेत उडून गेले की खारट कण उरतो. दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा तो कण घरात आणतो. रात्री वारा उलटतो. मतलई वारा जमिनीकडची माती आणि धूर घेऊन येतो. मोठे खारट कण किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांतच पडून जातात, म्हणून भंडारी-गाबीत वाड्यांतल्या खिडकीच्या गजांना जो गंज चढतो तो घाटाच्या पायथ्याच्या गावात चढत नाही.

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही, साधारण ३३ टक्क्यांपासूनच, पाणी ओढते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे पंख्याच्या पात्यावर, डासांच्या जाळीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर बसलेली धूळ ओलसर चिखल होते. हिवाळ्यात तीच सुकून कडक पापुद्रा होते. कोरडे फडके दोन्ही वेळा हरते: एकदा सारवते, एकदा नुसते खरवडते.

पंख्याच्या पात्याची पुढची कड सर्वांत काळी का होते, हेही इथेच सांगायला हवे. एवढ्या वेगात फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसतेच कशी, असा प्रश्न पडतो. पात्याला अगदी चिकटून असलेला हवेचा थर पात्याबरोबरच फिरतो, म्हणून तिथे बसलेल्या कणाला वारा लागतच नाही. आणि पुढच्या कडेवर हवेतले कण सरळ आदळतात. त्यात मीठ आणि फोडणीचे तेल मिसळले की ते घट्ट धरून ठेवले जातात. स्वयंपाकघरातला पंखा आधी कोमट साबणपाण्याने पुसावा, कारण मीठ पाण्यात जाते पण तेल जात नाही. मग साध्या पाण्याने दोनदा. दुसरे पुसणे टाळले तर मिठाचा आणि साबणाचा पातळ थर उरतो आणि चार दिवसांत पंखा पहिल्यासारखा. झोपायच्या खोलीतल्या पंख्याला उशीचा जुना अभ्रा ओलसर करून पात्यावर चढवावा आणि दाबून बाहेर ओढावा. धूळ अभ्र्याच्या आत पडते, अंथरुणावर नाही. मुख्य बटण बंद हवे, हे सांगायला नको.

एसीच्या आतल्या जाळ्या पंधरा दिवसांनी नळाखाली धुवाव्यात. बाहेरच्या यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर मीठ बसून ती कुरतडली जातात. किनाऱ्याजवळच्या घरांत वीज बंद करून महिन्यातून एकदा हलक्या धारेने गोडे पाणी मारले तर यंत्र जास्त टिकते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते यासाठी वापरू नये.

धूर, भाजावळ आणि झोडणी

चुलीतून, न्हाणीच्या चुलीत जळणाऱ्या सोडणांतून (नारळाच्या सालांतून), पोयांतून (माडाच्या वाळलेल्या फुलोऱ्यांतून) निघणारी काजळी एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. ती खाली बसत नाही. जिथे चिकटायला जागा मिळेल तिथे चिकटते. कोळ्याच्या जाळ्याला काजळी लागली की जळमट होते. जळमट कोरड्या झाडूने ओढले तर अर्धी काजळी हवेत परत जाते आणि भिंतीवर काळी रेघ उठते. लांब काठीला ओलसर पिळलेले फडके गुंडाळून ते फिरवत-फिरवत गुंडाळून काढावे, ओढू नये.

घरातल्या बारीक धुळीत डासांच्या कॉईलचा वाटा किती मोठा असतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉईल तपासल्या होत्या. एक कॉईल पूर्ण जळताना निघणारे अडीच मायक्रॉनखालचे कण ७५ ते १३७ सिगारेटी जळण्याइतके भरले. दारे-खिडक्या लावून लहान मुलांच्या उशाशी रात्रभर कॉईल ठेवणे थांबवायलाच हवे. मच्छरदाणी हा त्यावर जुना आणि निर्धोक उपाय आहे.

पावसाळ्यापूर्वी तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जमीन भाजतात; ती भाजावळ. पातेरा, कवळ (तोडलेल्या फांद्या-पाने), शेण जळून राखेचे हलके पापुद्रे घरात येतात. ही राख अल्कधर्मी असते, ओल्या हाताने चोळली तर त्वचा चुरचुरते. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या तेवढ्या दिवसांपुरत्या लावून घ्याव्यात. भाताच्या झोडणीची धूळ वेगळ्याच जातीची. भाताच्या तुसावर सिलिकेचे टणक, टोकदार केस असतात. अंगाला खाज सुटते ती त्यांनी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खळ्यात झोडणी चालू असताना अंथरुणाची खोली बंद ठेवावी, अंगावरचे कपडे बाहेरच झटकावेत आणि नाकातोंडावर साधा रुमाल बांधण्याऐवजी नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. रुमाल जाड तूस अडवतो, बारीक धूळ त्याच्या कडांनी आत जाते.

छपरातून पडणारी धूळ

कौलारू घराला छत नसेल तर वरून रोज काही ना काही पडते: उन्हाळ्यात सुकलेले शेवाळ, पाकोळीची विष्ठा, पालीच्या लेंड्या, उंदराने कुरतडलेला भुगा. यातला एक घटक वेळीच ओळखला तर छप्पर वाचते. वाशाखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर मैद्यासारखी मऊ पूड दिसली आणि वर लाकडात किंवा बांबूत एक-दोन मिलिमीटरची गोल भोके असली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. पूड मऊ नसून खसखशीसारखे वेगवेगळे दाणे असतील, आणि भिंगाखाली प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसल्या, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ते दाणे तिची विष्ठा असते. कागद झटकून पुन्हा ठेवा. दोन-तीन दिवसांत नवी पूड पडली तर कीड जिवंत आहे, नाही पडली तर जुनेच झडते आहे. बांबूतला भुंगा त्यातल्या पिठूळ अंशावर जगतो, म्हणून वापरण्याआधी बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. पाण्यात तो अंश निघून जातो.

गोठ्यावर किंवा मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशने कोरडे घासू नये, पत्रा करवतीने कापू नये, तुटलेले तुकडे कोरडे झाडू नयेत. त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे अडकतात. भरपूर पाणी मारून, न मोडता उतरवावेत.

धुळीतले जिवंत

धुळीच्या ॲलर्जीचे खरे कारण काय, हे १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिले: गोचिडाच्या कुळातला आठ पायांचा एक जीव, पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांनी जवळजवळ न दिसणारा. त्याला धूळ-माइट म्हणतात. तो चावत नाही, रक्त पीत नाही. गादी-उशीत साठलेली माणसाची त्वचा आणि तिच्यावरची बुरशी खातो. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेने. एक माइट दिवसाला वीसेक गोळ्या टाकतो, प्रत्येक गोळी १० ते ४० मायक्रॉनची. अंथरूण झटकले की त्या उडतात. एक ग्रॅम धुळीत शंभरावर माइट असतील तर ॲलर्जी जडण्याचा धोका धरला जातो, पाचशेच्या वर गेले तर दमेकऱ्याला धाप लागू शकते.

माइट पाणी पीत नाही. त्याच्या पुढच्या पायांच्या मुळाशी एक ग्रंथी असते. तिच्यातून खारट द्रव पाझरतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि मग तोंडाकडे वाहतो. मीठ ओलावा ओढते म्हणून पंख्याचे पाते चिकट होते. त्याच गुणावर हा जीव जगतो. हवा कोरडी झाली की त्या ग्रंथीतले मीठ सुकून तोंड बंद होते आणि शरीरातले पाणी काही काळ टिकते. आर्द्रता बरेच आठवडे ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट मरतात. कोकणात असे क्वचितच होते, म्हणून इथे हवा कोरडी करण्याच्या मागे न लागता अंथरूण कोरडे करावे.

ऑक्टोबरचे कडक ऊन यासाठी सर्वांत मोलाचे. गाद्या-उश्या तापलेल्या खळ्यावर किंवा गच्चीवर किमान सहा तास घालाव्यात, मधे एकदा उलटाव्यात. उन्हाने माइट मरतात, पण त्यांची विष्ठा जागच्या जागी राहते. ती काढायला ऊन दाखवून झाल्यावर, बाहेरच, काठीने गादी झोडपावी लागते. हा क्रम उलटा झाला तर जिवंत माइट आत खोल जातात. ज्याला ॲलर्जी आहे त्याने झोडपायला जाऊ नये. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. थंड पाण्यात विष्ठा धुतली जाते, माइट मात्र बरेचसे वाचतात. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा गादीला आणि उशीला चारही बाजूंनी बंद होणारी, घट्ट विणीची खोळ घालावी. लहान मुलाचे कापडी खेळणे धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे, मग झटकावे.

बुरशीची बीजे दोन ते दहा मायक्रॉनची, त्यांतली बारीक बीजे कवडशात तासन् तास तरंगणारी. भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसले की कोरडे खरवडू नका. आधी ओले करा, मग पुसा. ब्लीचिंगच्या पाण्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. पावसाळ्यात झोपायच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घालणे हे बुरशीचे मोठे कारण आहे. बादलीभर धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जाते आणि ते भिंतींना, गाद्यांना मिळते. पडवीत घाला, वेळ लागला तरी चालेल.

त्वचेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तिच्यातले स्क्वालीन नावाचे तेल हवेतला ओझोन हा फुप्फुसाला त्रासदायक वायू शोषून घेते. धुळीतल्या स्क्वालीनमुळे खोलीतला ओझोन २ ते १५ टक्के कमी होतो, असा २०११चा अंदाज आहे.

तंतू आणि रंग

पलंगाखालचे राखाडी गोळे हे मुख्यतः केस आणि कपड्यांचे तंतू. पूर्वी त्यात सूत असे, आता पॉलिएस्टर आणि नायलॉन जास्त. घरात जाळी विणायचे काम होत असेल तर नायलॉनचे तुकडेही. एरवी निरुपद्रवी दिसणाऱ्या धुळीत सर्वांत गंभीर घटक शिशाचा. भारतात घरगुती रंगातले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम २०१६चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या तैलरंगाच्या दारांत, विशेषतः पिवळ्या-लाल-हिरव्या रंगांत, शिसे असू शकते. गणपतीच्या आधी दारे पॉलिश पेपरने कोरडी घासण्याची घाई सगळीकडे होते. ते ओले घासावे, खाली प्लॅस्टिक पसरावे आणि रांगती मुले त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावीत. पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच ऑक्साइड आहे. देव्हाऱ्याखाली पडलेला शेंदूर कोरडा झाडू नये, ओल्या कागदाने टिपावा.

घरीच तपासा

दोन पांढऱ्या बशा घ्या. एकीत दारालगतचा केर, दुसरीत पलंगाखालचा. दोन्ही नमुन्यांवर पुढच्या गोष्टी करा.

लोहचुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केरावर फिरवा. काळे चकचकीत कण चिकटले तर ती किनाऱ्याची काळी वाळू: मॅग्नेटाइट आणि, चुंबक जोरकस असेल तर, इल्मेनाइट ही लोहाची खनिजे. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर ही वाळू भरपूर आहे. पिशवी उलटी केली की कण सुटून पडतात. चुंबक थेट केरात घातला तर तो साफ करताना जीव मेटाकुटीला येतो.

मग चमचाभर केर पेलाभर पाण्यात ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. वाळू-खडा तळाशी, केस-तंतू-तूस वर, आणि मधले पाणी तांबूस राहिले तर ती चिकणमाती. हे पाणी चार पदरी फडक्याने गाळून काळ्या ताटलीत उन्हात आटवा. मीठ असेल तर चौकोनी स्फटिक भिंगाखाली चमकतात. चव घेऊन पाहू नका. तळाच्या गाळावर लिंबाचा रस टाका; बुडबुडे आले तर चुना, सिमेंट किंवा शिंपल्यांचा चुरा आहे.

वरचे तंतू सुकवून चिमट्यात धरा आणि मोकळ्या हवेत ज्योतीजवळ न्या. केस जळाल्याचा उग्र वास आला तर केस किंवा लोकर, कागदासारखा वास आला तर सूत, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. दोन बशांतला फरक पाहिला की कुठल्या खोलीत काय करायचे ते आपोआप ठरते.

झाडण्याचा क्रम

पंखा बंद, वाऱ्याच्या समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. वरून खाली: जळमटे, पंखा, कपाटाचा माथा, मग जमीन. हिराची केरसुणी अंगणासाठी. घरात मऊ झाडू, तोही जमिनीला टेकवून ओढायचा, उडवायचा नाही. लादी असेल तर झाडण्याआधी झाडूवर पाण्याचा हलका शिपका मारला तरी धूळ बरीच दबते. वीस मिनिटांनी ओले पुसणे, दोन बादल्यांनी: एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत फडके पिळायचे. पिळायच्या बादलीतले बोट दिसेनासे झाले की पाणी बदला. एकाच बादलीत घर पुसून काढले तर शेवटच्या दोन खोल्यांना पातळ चिखलाचा हात दिला जातो. फिनाइल झाकणभर पुरते. जास्त घातले तर लादी चिकट राहून धूळ धरते. व्हॅक्युम क्लीनर घेणार असाल तर हेपा गाळणी असलेलाच घ्या, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. साध्या कापडी पिशवीचा व्हॅक्युम खडा उचलतो आणि माइटची बारीक घाण मागून बाहेर फेकतो.

कपड्यावर तांबडी माती लागली तर ओली असताना चोळू नका. सुकू द्या, झटका, मग गार पाण्यात साबण. उरलेला डाग लोहाचा असतो, त्याला ब्लीच लावून तो जात नाही. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवल्याने फिकट होतो.

राहिला जमवलेला केर. कोकणात तो माडाच्या आळ्यात टाकण्याची रीत आहे. माती, राख, तूस, केस, नारळाचा पातेरा यांना ती जागा योग्यच. सारे कुजून मुळांना मिळते. पलंगाखालचा गोळा मात्र आता निम्मा प्लॅस्टिकच्या तंतूंचा असू शकतो, आणि दारे घासल्यावरच्या केरात शिसे. हे दोन प्रकार वेगळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावेत, परसातल्या अळूच्या आणि मिरचीच्या वाफ्यापासून दूर.